चोडणची फेरी आणि अकरावीचं फिजिक्स

अकरावीचं फिजिक्स स्वतःच्या जिवावर शिकायचं ठरवलं की पहिले काही आठवडे फार सुखाचे जातात. त्या आठवड्यांत फिजिक्स शिकायचं नसतं, पुस्तकं जमवायची असतात. पीडीएफ उतरवायच्या, व्हिडिओंच्या याद्या जपून ठेवायच्या, कुणाचा तरी आतेभाऊ बारावी होऊन बेंगळुरूला गेला म्हणून त्याचं माळ्यावरचं खोकं खाली काढायचं. रोज काहीतरी नवं हाती लागतं आणि रोज अभ्यास केल्यासारखं वाटतं. अभ्यास टाळण्याचा इतका प्रतिष्ठित मार्ग दुसरा नसेल.

मी कॉमर्सची. आमच्या गावातली शाळा दहावीपर्यंत, जवळच्या हायर सेकंडरीत आर्ट्स आणि कॉमर्स. सायन्स घ्यायचं तर दोन बस बदलायच्या आणि वर ट्यूशन लावायची. घरात यावर फार चर्चा झाली नाही. आता फोंड्यात एका गॅरेजचे हिशेब लिहिते. माझी भाची चोडणला, मांडवीतल्या बेटावर, राहते आणि रायबंदरची फेरीबोट ओलांडून पणजीला अकरावी सायन्सला जाते. ट्यूशन लावली तर घरी पोचेपर्यंत रात्र होणार, म्हणून तिने लावली नाही. अडलेली गणितं ती माझ्याकडे पाठवू लागली. "मावशे, तुका हिशेब येता न्ही, मागीर हेंय येतलें," म्हणजे हिशेब येतात ना, मग हेही येईल, हा तिचा युक्तिवाद. हिशेबाचा आणि कोनीय संवेगाचा तसा काही संबंध नाही, पण कुणी इतक्या विश्वासाने विचारलं की नाही म्हणवत नाही. शिवाय तीस वर्षांपूर्वी दोन बसच्या पलीकडे राहून गेलेला विषय आपल्याच घरी चालत आला होता.

पुस्तकांच्या बाबतीत गोव्यातल्या मुलांचं एक बरं आहे. बोर्डाच्या अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत एनसीईआरटीचीच पुस्तकं चालतात, आणि ती संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. अकरावीचे दोन भाग, बारावीचे दोन भाग. या पुस्तकांना नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. मजकूर आटोपशीर आहे, आकृत्या स्वच्छ आहेत, सोडवलेली उदाहरणं नेमकी जिथे अडायला होतं तिथेच आहेत. तक्रार करायची तर एवढीच, की हे पुस्तक वर्गात शिक्षक उभा आहे असं गृहीत धरून लिहिलंय. दोन ओळींमधलं अंतर तो शिक्षक भरून काढणार. घरात एकट्याने वाचणाऱ्याला ते अंतर कधी कधी मांडवी नदीएवढं वाटतं.

आणखी एक गोष्ट मला खटकली. २०२२-२३ साली अभ्यासक्रम हलका करताना अकरावीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण काढून टाकलं, भौतिक जगाची ओळख करून देणारं. त्यात गणितं नव्हती, परीक्षेत त्यावर फारसं काही येत नसे, म्हणून ते गेलं असावं. पण शाळेबाहेरच्या माणसाला त्या घराचा उंबरठा तोच होता. निसर्गातली मूळ बलं किती, कुठलं बल किती दूर पोचतं, हे सगळं पुढे का शिकायचं, याचा थोडा अदमास तिथे यायचा. आतेभावाच्या खोक्यातली जुनी आवृत्ती त्या एका प्रकरणासाठी मी ठेवून घेतली. जुनी पुस्तकं रद्दीत घालणाऱ्यांनी एवढं बघून घालावं.

खरी अडचण मात्र फिजिक्सच्या पुस्तकात नसतेच. अकरावीच्या फिजिक्समध्ये सरळ रेषेतली गती सुरू झाली, की वेग म्हणजे स्थानाचा विकलज (बदलाचा दर) हे वाक्य येऊन आदळतं, आणि त्यामागोमाग संकलन (बारीक तुकड्यांची बेरीज). गणिताच्या पुस्तकात विकलनाची ओळख अकरावीच्या शेवटाकडे होते आणि संकलन बारावीत. म्हणजे फिजिक्सला जे हत्यार जूनमध्ये हवं, ते गणित पुढच्या वर्षी घडवून देणार. वर्गातले शिक्षक दोन तासांत कामापुरतं कॅल्क्युलस शिकवून ही फट बुजवतात. एकट्याने शिकणारा या फटीत पडतो आणि त्याला वाटतं, आपल्याला फिजिक्स जमत नाही. भाचीच्या वहीत हे मला सरळ दिसत होतं. तिला बल कळत होतं, त्वरण कळत होतं, आलेखाचा चढ आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ कुणी शांतपणे दाखवलं नव्हतं. म्हणून आम्ही दोघींनी फिजिक्सचं पुस्तक मिटलं आणि नुसते आलेख काढत बसलो. वेग-काळाच्या आलेखाखालचे चौकोन मोजायचे आणि ते अंतर येतं का बघायचं. हे माझ्या ओळखीचं होतं. रोजची जमा आणि महिन्याची शिल्लक यांचं नातं हेच.

याच कारणासाठी मला एच. सी. वर्मांचं पुस्तक आवडतं. पुढे आयआयटी कानपूरला शिकवलेल्या या प्राध्यापकांचे दोन खंड १९९२ मध्ये पाटण्याच्या भारती भवनने काढले आणि तेव्हापासून भारतात फिजिक्स शिकणाऱ्या असंख्य मुलांच्या हातातून ते गेले आहेत. त्याचं दुसरंच प्रकरण भौतिकशास्त्राला लागणाऱ्या गणितावर आहे. सदिश (दिशा असलेल्या राशी), विकलन, संकलन, लागेल तेवढंच, लागण्याआधी. प्रकरणांच्या शेवटी आधी थोडक्यात उत्तरांचे प्रश्न येतात, ते सोपे दिसतात आणि सर्वांत जास्त डोकं खातात. सगळे लोक ते सोडून थेट गणितांवर उडी मारतात. मारू नये. पंखा फिरत असताना त्याच्या पात्यांवर धूळ कशी बसते, असल्या प्रश्नांवर तासभर नुसतं बसून राहिल्याशिवाय घर्षण कळत नाही, असं माझं मत झालंय.

आता फेरीबोट.

सापेक्ष वेगाच्या धड्यात नदी आणि होडीचं एक गणित असतंच असतं. जगातल्या कुठल्याही पुस्तकात बघा, असणार. भाचीला ते येत नव्हतं, आणि ती रोज दोनदा त्या गणितावर उभी राहून नदी ओलांडत होती. एका रविवारी मी चोडणला गेले तेव्हा आम्ही फेरीच्या कठड्याला टेकून मुद्दाम बघितलं. ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. फेरीचं तोंड समोरच्या धक्क्याकडे नव्हतंच. ते थोडं वर, पाणी येतं त्या बाजूला वळलेलं होतं, आणि तरीही फेरी तिरकी तिरकी सरकत बरोबर धक्क्यावर लागली. तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे. संध्याकाळी परतताना भरती होती. तेव्हा तोंड उलट बाजूला. चालकाने सदिशांची बेरीज कुठल्या शाळेत केली ते त्याला विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

घरी आल्यावर सोयीचे आकडे घेतले. फेरीचा पाण्यातला वेग ताशी ५ किलोमीटर, प्रवाह ताशी ३, पात्र ४०० मीटर रुंद. समोरासमोर पोचायचं तर फेरीच्या वेगाचा एक भाग प्रवाह रद्द करण्यात खर्ची पडतो. पायथागोरसने उरतात ४, म्हणजे ओलांडायला ६ मिनिटं. तोंड सरळ समोर ठेवलं तर पूर्ण ५ चा वेग ओलांडण्याला मिळतो आणि ४ मिनिटं ४८ सेकंदांत पलीकडे, पण २४० मीटर खाली वाहून. पुस्तक विचारतं, कमीत कमी वेळ कुठल्या दिशेने लागेल? भाचीने उत्तर काढलं आणि म्हणाली, पण फेरी असं कधीच करणार नाही, २४० मीटरवर धक्का कुठे आहे? गाड्या काय खारफुटीत उतरवायच्या? हे ती पुस्तकावर चिडून म्हणाली होती, पण त्या क्षणी तिला कमीत कमी वेळ आणि कमीत कमी अंतर या दोन निरनिराळ्या मागण्या आहेत हे कळून चुकलं होतं.

मग आम्ही प्रवाह वाढवत नेला. ताशी ४ केला, उरले ३. ताशी ५ केला, उरलं शून्य, फेरी तोंड वर करून पाण्याशी झुंजत जागच्या जागी. ६ केला तर वर्गमुळाखाली ऋण संख्या. कॅलक्युलेटरने चूक दाखवली आणि तिला वाटलं, आकडे टाकताना गडबड झाली. गडबड नव्हतीच. गणित सांगत होतं की असा प्रवाह असेल तर समोरच्या धक्क्यावर सरळ लागणं या फेरीला शक्यच नाही. आणि प्रवाह शून्य केला की उत्तर साध्या भागाकारावर येतं, भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यासारखं.

हे सगळं लांबवून सांगितलं, कारण माझ्या मते एकट्याने शिकणाऱ्याच्या साहित्याची कसोटी इथे आहे. एकट्याला कमी पडतो तो मजकूर नव्हे. गोव्यातल्या सांखवाळला १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म शिकायला घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत सिलोनपर्यंत गेले. त्यांच्या काळी पुस्तकही दुर्मीळ आणि शिकवणाराही. आज पुस्तक उशाशी आहे. शिकवणारा मात्र अजून दूरच आहे, आणि त्याचं एक काम तर कुठल्याच पीडीएफला जमत नाही. तुझं उत्तर चुकलंय आणि इथे चुकलंय, हे सांगण्याचं. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतात, ती फक्त बरोबर की चूक एवढं सांगतात. सगळ्या पायऱ्या सोडवून दिलेली गाइडं आणि ॲपं त्याहून वाईट, कारण ती वाचताना आपण मान डोलावत जातो आणि मान डोलावणं म्हणजे येणं असा समज होतो. म्हणून तपासनीस स्वतःलाच व्हावं लागतं. उत्तराची एककं जुळतात का? एखादी राशी शून्य केली तर उत्तर शहाण्यासारखं वागतं का? प्रचंड वाढवली तर? जे पुस्तक या सवयी लावतं ते माझ्या लेखी चांगलं, मग त्याचा कागद कसाही असो.

या कसोटीवर बाकीचं सामान घासून बघते तेव्हा काही आवडीच्या गोष्टी गळतात. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनची व्याख्यानं, उदाहरणार्थ. १९६१ ते ६३ या काळात अमेरिकेतल्या कॅलटेकच्या नव्या विद्यार्थ्यांना दिलेली, आणि आता त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर फुकट वाचायला ठेवलेली. ती वाचताना इतका आनंद होतो की आपल्याला सगळं कळलं अशी खात्रीच पटते. पुस्तक बंद करून कोरा कागद घेतला की त्या खात्रीचं काय होतं ते ज्याने त्याने बघावं. मी ती धडा शिकून झाल्यावर वाचते, आधी नाही. ओपनस्टॅक्सची फुकट पुस्तकं याच्या अगदी उलट, पाल्हाळिक आणि थोडी रटाळ, पण एकही पायरी न गाळणारी. एनसीईआरटीच्या दोन ओळींमध्ये अडकलं की तिथे जावं. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची, आपण आकडे बदलून चालवून बघायची, चलचित्रं (सिम्युलेशन्स) आहेत, नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली. त्यातली बरीचशी मराठीतही मिळतात. विजेचं सर्किट जोडून बघायला यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा नाही.

इरोडोव्हच्या गणितांचं रशियन पुस्तक मला एका नातेवाइकाच्या ट्रंकेत मिळालं, मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं. ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं आणि फार थोड्यांनी खरोखर सोडवलेलं. पहिल्या वर्षी ते घरात आणूच नये. आपण किती मागे आहोत हे कळायला त्याची गरज नसते. खोक्यात कोचिंग क्लासची छापील मॉड्यूलंही होती, एका प्रकरणावर शेकडो प्रश्न. परीक्षा जवळ आली की वेग वाढवायला ती बरी. धडा पहिल्यांदा शिकायला त्यांचा उपयोग शून्य, कारण त्यांत सूत्र चौकटीत येतं आणि ते कुठून आलं हे सांगायला चौकटीत जागा नसते.

मराठीतून काही मिळेल का, हे मी बरंच शोधलं. भाचीचं प्राथमिक शिक्षण मराठीतून झालं, पाचवीपासून इंग्रजी. गोव्यातल्या हजारो मुलांचं हेच असतं. महाराष्ट्रातही अकरावी-बारावीचं विज्ञान बहुतांशी इंग्रजीतूनच चालतं, तेव्हा बारावीच्या तोडीचं, गणितांसकट मराठी पुस्तक शोधण्यात फार दिवस घालवू नयेत. पण दोन गोष्टी हाताशी ठेवण्यासारख्या आहेत. एक, बालभारतीची नववी आणि दहावीची विज्ञानाची मराठी पुस्तकं. नववीचं पहिलं प्रकरण गतीचे नियम, दहावीच्या पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण गुरुत्वाकर्षण. अकरावीत पाय टाकण्याआधी ही दोन वाचली की नवीन धडा परका वाटत नाही. दुसरी, मराठी विश्वकोश. त्यातल्या भौतिकीच्या नोंदी संकेतस्थळावर आहेत. भाषा जड आहे, मान्य. पण नोंद लिहिणाऱ्याला विषय येत होता हे ओळीओळीत जाणवतं, आणि हे फुकटच्या मजकुराबद्दल क्वचितच म्हणता येतं.

पुस्तक विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक सकाळ घालवावी. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं हे ग्रंथालय, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. माझी पद्धत अशी. जो मुद्दा आपल्याला छळतोय तो एकच घ्यायचा, समजा उतरणीवरचं घर्षण, आणि हाताला लागतील त्या सगळ्या पुस्तकांत तेवढाच वाचायचा. रेस्निक-हॅलिडेसारखी जाडजूड परदेशी पुस्तकं इथे मांडीवर घेऊन बघता येतात. ज्या पुस्तकापुढे आपला हात आपोआप पेन्सिलीकडे जातो ते आपलं. बाकीची जाग्यावर परत. घरी शिकायला एक पुस्तक आणि सोडवायला एक पुस्तक, तिसरं आलं की अभ्यास पातळ होतो.

प्रयोगांचं काय, हा प्रश्न बाहेरून शिकणाऱ्याला कुणी विचारतही नाही. हायर सेकंडरीची प्रयोगशाळा आपल्यासाठी उघडत नाही. मी पडवीच्या वाशाला तंगुसाने एक पितळी कुलूप टांगलं आणि लंबक केला, वाशापासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. आंदोलनकाळ दोन सेकंदांच्या किंचित वर यायला हवा. एकच झोका मोजला तर बोटाची दोन दशांश सेकंदांची दिरंगाई म्हणजे वेळेत दहा टक्के चूक, आणि गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात काळाचा वर्ग असल्यामुळे तिथे वीस टक्के. वीस झोके एकदम मोजले की तीच दिरंगाई चाळीस सेकंदांत वाटली जाते आणि चूक एका टक्क्यावर येते. वीस झोके का मोजायचे हे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे मोजा असं लिहिलेलं असतं, का ते नसतं. आणखी गंमत म्हणजे पुस्तकातलं ९.८ हे गोल केलेलं आहे. विषुववृत्तावर ते ९.७८ च्या आसपास, ध्रुवांवर ९.८३, आणि आपल्या अक्षांशावर समुद्रसपाटीला ९.७८ च. पण ९.८ आणि ९.७८ मधला हा फरक पाव टक्क्याच्याही आतला. माझ्या कुलपाला तो दिसण्याची सोय नाही, आणि का नाही हे मला आता आकड्यांत सांगता येतं. फोनमधल्या संवेदकांवर चालणारं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलंय. ते घेतलं तर बोटाची दिरंगाईही जाते. भाचीने लगेच उतरवून घेतलं. मी अजून बोटानेच मोजते, कारण चूक कुठून येते ते त्यात दिसतं.

ज्याला याच्या पुढे जायचंय त्याने मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावरच्या ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट बघाव्यात. एकेक प्रश्न आठवडाभर पुरतो. भाचीने एक सोडवायला घेतलाय, मी नुसती बाजूला बसते.

ती आता बारावीच्या विद्युतधारेत आहे आणि मी घूर्णनगतीत. तिच्या अभ्यासाला परीक्षेची तारीख आहे, माझ्या नाही, त्यामुळे अंतर वाढतच जाणार. तरी मागच्या खेपेला तिने आपली वही ठेवून माझी उघडली. वेग घेणाऱ्या स्कूटरच्या मागच्या चाकावर रस्त्याचं घर्षण पुढच्या दिशेने असतं, यावर आमचं एकमत आहे. पुढच्या चाकावर कुठल्या दिशेने, यावर नाही. तिचं म्हणणं, स्कूटर पुढे जाते म्हणजे तेही पुढेच. माझं म्हणणं, त्या चाकाला इंजिन फिरवत नाही, रस्ता फिरवतो, तेव्हा मागेच. "आकृती काडून दाखय," म्हणाली. काढून ठेवली आहे, बलाघूर्णासकट (बलाच्या चाक फिरवण्याच्या परिणामासकट). रविवारी ती येईल तेव्हा बघू.